जुने पद आणि नवी चाल

गेल्या हिवाळ्यात साकोली तालुक्यातील एका गावी दिवसा शंकरपट व रात्री संगीत नाटक, असा झाडीपट्टीचा नेहमीचा बेत होता. नायिकेच्या वियोगाचे एक जुने पद सुरू झाले. परंतु ऑक्टोपॅडच्या दणक्यावर ते इतक्या द्रुत लयीत धावू लागले की, मंडपात शिट्ट्या वाजल्या आणि नायिकाही हसतमुखाने ठेका धरू लागली. शब्द तेच, स्वरांचा सांगाडाही तोच. शोक मात्र नाहीसा झाला होता.

या गोष्टीवरून आमच्या मित्रमंडळीत दोन पक्ष पडले. पहिला म्हणतो, जुन्या पदास हातच लावू नये. हे आम्हांस मान्य नाही. १८८० सालच्या ‘शाकुंतला’पासून आपली नाट्यपदे पूर्वीच्या चालींचा आधार घेतच वाढली. १९१६ साली ‘स्वयंवरा’स भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, त्या रागदारीतील बंदिशींवरून. ज्यांस आपण मूळ म्हणून पूजतो, त्यांपैकी कित्येक पदे स्वतःच रूपांतरे आहेत! मग रूपांतरास पाप कसे म्हणावे?

दुसरा पक्ष म्हणतो, लोकांना आवडले, वाद मिटला. हे मत अधिक घातक होय. लोकांनी शिट्टी दिली ती ठेक्याला. पद त्यांच्या कानी पोहोचलेच नाही.

चाल बदलण्याचा अधिकार कसा वापरावा, याचा धडा आपल्या विदर्भाजवळच आहे. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकात ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद जितेंद्र अभिषेकींनी दोन प्रकारे बांधले: पंडितजींचे सालगवरालीत, संथ, खाँसाहेबांचे धानीत, चपळ. शब्द एकच असूनही दोन स्वभावांचा झगडा श्रोत्यास कानांनीच कळतो. भाव येथेही बदलला. पण तो कोणाच्या मुखी व कशासाठी बदलावयाचा, हे रचनाकारास ठाऊक होते.

साकोलीकडील त्या मंडपात हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. पुढे बसलेली मुले ते पद आयुष्यात प्रथमच ऐकत होती. त्यांच्यापुरते तेच मूळ ठरले. झाडीपट्टीत नट आजही प्रेक्षकांसमोर स्वतः गातो, हे मोठे भाग्य होय. चाल बदलणाऱ्यांनी ती खुशाल बदलावी. परंतु आधी पदामागचे संवाद एकदा वाचावेत. नायिका रडते आहे की नाचते आहे, एवढे तरी त्यांतून समजेल.