मुलाखतीत आपणही विचारावं

मैत्रिणींनो, दिवाळी जवळ आली की आमच्या कोल्हापुरात कापडदुकानांच्या दारांवर ‘कामाला बायका पाहिजेत’ अशा पाट्या दिसू लागतात. गेल्या वर्षी अशीच एक पाटी वाचून माझी धाकटी जाऊ मुलाखतीला गेली.

मालकांनी विचारलं, “अनुभव?” ही म्हणाली, “नाही हो, घरीच असते.” मग मुलं किती, घरी सासूबाई आहेत का, सगळं विचारून झालं आणि “उद्यापासून या,” म्हणाले. आनंदानं पेढे घेऊनच घरी आली. मी विचारलं, “पगार किती? सुट्टी कधी?” तर म्हणते कशी, “ताई, असलं विचारायचं असतं होय?”

आठवड्यातच पाय सुजले. दिवसभर उभं राहायचं, गिऱ्हाईक नसलं तरी टेकायचं नाही. बायकांसाठी संडासाची सोय नाही, म्हणून ही पाणीच पिईना. महिनाअखेर एका साडीचा हिशेब लागला नाही. ते पैसे हिच्या पगारातून कापले. काम सोडलं आणि वर स्वतःलाच दोष, “मला नाही बाई जमत.”

अहो, दोष तिचा नव्हताच! केरळात कोळिकोडच्या कापडबाजारातल्या बायकांचं हेच दुखणं होतं. शिंपीकाम करणाऱ्या पी. विजी यांनी त्यांना एकत्र आणलं. आधी स्वच्छतागृहासाठी आणि मग बसण्याच्या हक्कासाठी त्या भांडल्या. २०१८ साली केरळ सरकारनं दुकानात बसायची सोय देण्याची तरतूद कायद्यात केली. २०२१ साली तामिळनाडूनंही केली. म्हणजे स्टूल मागणं हा काही आळशीपणा नव्हे.

तेव्हा मुलाखतीला जाताना एवढं लक्षात ठेवा. अनुभव विचारला तर ‘नाही’ म्हणू नका. लग्नघरच्या पन्नास साड्यांची खरेदी, भिशीचा हिशेब, रुसलेल्या पाहुण्यांची समजूत हे सगळं आपण केलेलं असतं. दुकानात तरी दुसरं काय लागतं? ते नीट सांगा. आणि उठण्यापूर्वी शांतपणे विचारा: पगार किती आणि कोणत्या तारखेला? आठवड्याची सुट्टी कधी? सणात घरी जायला किती वाजतील? बसायची आणि स्वच्छतागृहाची सोय आहे ना? माल कमी भरला तर जबाबदारी कुणाची? उत्तरं घरी येऊन वहीत तारखेसह लिहून ठेवा.

यंदा जाऊबाई पुन्हा गेल्या. पहिल्या दुकानात ऐकावं लागलं, “एवढं बसायचं असेल तर घरीच बसा की!” त्या नमस्कार करून निघाल्या. दुसऱ्या दुकानात मालकीणबाई गल्ल्यावर होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पगार सांगितला आणि स्टूल कुठे ठेवलंय तेही दाखवलं.

तिथं ती आता रुळली आहे. पेढे मात्र या वेळी पहिला पगार हातात आल्यावर आणले!