घरी पिस्तूल बनवणं अमेरिकेत गुन्हा का नाही? छंद, 'घोस्ट गन' आणि सिरियल नंबरचा वाद

अमेरिकेत एखादा माणूस सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये बसून स्वतःसाठी पिस्तूल बनवत असेल, तर बहुतेक राज्यांत तो कोणताही गुन्हा करत नसतो. त्याला परवाना लागत नाही. देशाच्या कायद्यानुसार त्या पिस्तुलावर सिरियल नंबर टाकायची सक्तीही नाही. हेच काम भारतात विनापरवाना केलं, तर किमान ७ वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद आहे.

अमेरिकेतल्या या सवलतीकडे अनेक दशकं फारसं कोणाचं लक्ष नव्हतं. गेल्या काही वर्षांत मात्र तिच्यावरून नवे नियम आले, खटले झाले आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. वादाच्या मुळाशी एक साधा वाटणारा प्रश्न आहे. सुटे भाग नेमके कधी 'बंदूक' होतात?

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत १९६३ मध्ये अध्यक्ष जॉन केनेडी यांची, तर १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांची गोळ्या झाडून हत्या झाली. त्यानंतर १९६८ मध्येच 'गन कंट्रोल ॲक्ट' आला. बंदुका बनवण्याचा किंवा विकण्याचा धंदा करणाऱ्याला परवाना आणि प्रत्येक बंदुकीवर सिरियल नंबर बंधनकारक झाला.

इथे 'धंदा' हा शब्द महत्त्वाचा आहे. स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवणारा माणूस धंदा करत नाही, म्हणून तो या चौकटीबाहेर राहिला. अटी मोजक्याच आहेत. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरल्यासारख्या कारणांमुळे त्याला बंदूक बाळगायला बंदी नसावी. त्याने विक्रीचा धंदा करू नये. आणि १९८८ च्या कायद्यानुसार ती बंदूक मेटल डिटेक्टरमध्ये पकडली जाईल अशी असावी.

राज्यांचे कायदे याहून कडक असू शकतात. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात २०१८ पासून घरी बंदूक बनवण्याआधी सरकारकडून सिरियल नंबर घ्यावा लागतो.

पण कोणी घरी पिस्तूल का बनवेल?

यामागे नेमबाजीची जुनी परंपरा आहे. अमेरिकेत 'बुल्सआय' नावाचा पिस्तूल नेमबाजीचा प्रकार आहे. उभं राहून, एका हातात पिस्तूल धरून नेम साधायचा. पूर्ण स्पर्धेत तीन गटांच्या पिस्तुलांनी प्रत्येकी ९०, म्हणजे एकूण २७० गोळ्या झाडायच्या. एका गोळीला जास्तीत जास्त १० गुण, म्हणून या स्पर्धेचं नावच '२७००' पडलं. काही फेऱ्या ५० यार्डांवरून, म्हणजे सुमारे ४६ मीटरवरून सावकाश होतात. काही फेऱ्यांत २५ यार्डांवरून १० सेकंदांत ५ गोळ्या झाडाव्या लागतात. ओहायो राज्यातल्या कॅम्प पेरी इथल्या राष्ट्रीय स्पर्धा १९०७ पासूनच्या आहेत.

या खेळातलं एक आवडतं पिस्तूल म्हणजे जॉन ब्राउनिंग यांनी डिझाइन केलेलं '१९११'. अमेरिकी लष्कराने ते त्याच वर्षी स्वीकारलं. लष्कराच्या पिस्तुलाचे भाग थोडे सैल असले तरी चालतात, किंबहुना चिखल-धुळीत ते सोयीचंच असतं. पण ५० यार्डांवरच्या कागदी टार्गेटवर तोच सैलपणा गुण घालवतो. म्हणून हौशी नेमबाज आणि कारागीर भाग एकमेकांत घट्ट बसवू लागले, मूठ हाताच्या मापाची करू लागले, चापाची ओढ नितळ करू लागले. त्यातून पुढे अख्खं पिस्तूल स्वतः जोडण्याचा छंद रुजला.

या छंदात घाई चालत नाही. कानस एकदा जास्त फिरली की महागडा भाग वाया जातो. नव्या पिस्तुलात गोळी अडकते, मग पुन्हा सगळं खोलून चूक शोधावी लागते. ती दुरुस्त झाली की नाही, हे शेवटी टार्गेटच सांगतं. अशा माणसाचं पिस्तूल जोडणं आणि एखाद्याचं जुनी बुलेट दुरुस्त करत बसणं यात फारसा फरक नसतो.

मग 'घोस्ट गन' कुठून आली?

अमेरिकी कायद्यात पिस्तुलाचा सांगाडा, म्हणजे ज्यावर बाकी सगळं बसतं तो भाग, हाच बंदूक मानला जातो. सिरियल नंबर त्याच्यावर असतो. नळी, चाप, स्प्रिंग वगैरे सहज विकत मिळतात.

काही कंपन्यांनी यातली फट हेरली. सांगाडा थोडा अपूर्ण ठेवला की तो कायद्याच्या भाषेत बंदूक नाही, असा दावा त्यांनी केला. मग नंबर नको, खरेदीदाराची तपासणी नको, नोंदही नको. पुढे अपूर्ण सांगाड्यासोबत उरलेले सगळे भाग एकाच खोक्यात येऊ लागले. असं किट पूर्वी कधीही न पाहिलेल्या व्यक्तीने त्यातून २१ मिनिटांत पिस्तूल तयार केल्याचा उल्लेख सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. जे काम शिकायला हौशी कारागिराला वर्षं लागायची, त्यातलं कौशल्यच संपलं.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०१७ मध्ये पोलिसांनी माग काढण्यासाठी केंद्र सरकारकडे सुमारे १,६०० घोस्ट गन पाठवल्या होत्या. २०२१ मध्ये हा आकडा १९,००० च्या पुढे गेला.

नोव्हेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉगस हायस्कूलमध्ये १६ वर्षांच्या विद्यार्थ्याने गोळीबार केला. त्यात दोन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. वापरलेलं पिस्तूल किटमधून जोडलेलं होतं.

एका नंबराने काय फरक पडतो?

अमेरिकेत बंदूकमालकांची देशव्यापी नोंदवही नाही. १९८६ च्या कायद्याने ती करायलाच मनाई आहे. गुन्ह्यात बंदूक सापडली की तिच्या नंबरावरून आधी कारखाना गाठतात, तिथून दुकान आणि दुकानाच्या नोंदीतून पहिला खरेदीदार. या साखळीची पहिली कडी म्हणजे नंबर. तोच नसेल, तर विचारायचं कोणाला?

सर्वोच्च न्यायालयाने काय ठरवलं?

एप्रिल २०२२ मध्ये बायडेन सरकारने नियम जाहीर केला. सहज बंदूक होऊ शकणारी किट विकणाऱ्याला परवाना, सिरियल नंबर, खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणी आणि नोंदी बंधनकारक झाल्या. किटवर बंदी मात्र घातलेली नव्हती.

नियमाला आव्हान मिळालं. ऑक्टोबर २०२४ मधल्या सुनावणीत छंदाचा मुद्दाही निघाला. लोकांना जुन्या गाड्यांवर काम करायला आवडतं, तसंच हे आहे, असं आव्हान देणाऱ्यांच्या वकिलांचं म्हणणं होतं. एक-दोन भोकं पाडण्यात गाडी दुरुस्त करण्याइतका आनंद कसा मिळेल, अशा अर्थाची शंका सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी घेतली.

२६ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी नियम कायम ठेवला. न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी निकालात रोजच्या भाषेचा आधार घेतला. दुकानातून सुट्या भागांत आणलेल्या टेबलालाही लोक टेबलच म्हणतात, मग जवळपास तयार पिस्तुलाच्या किटला बंदूक का म्हणू नये, असा त्याचा आशय होता.

निकालाची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. काही किट नक्कीच कायद्याच्या कक्षेत येतात, म्हणून नियम सरसकट रद्द होणार नाही, एवढंच न्यायालयाने म्हटलं. प्रत्येक अर्धवट धातूचा तुकडा बंदूक ठरत नाही. आणि हा सरकारी नियम आहे, सरकार तो बदलू शकतं. ट्रम्प यांनी फेब्रुवारी २०२५ मध्येच बायडेन काळातल्या बंदूकविषयक नियमांच्या फेरआढाव्याचे आदेश दिले होते.

हौशी लोकांचं म्हणणं काय?

त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. गुन्ह्यांत सापडणाऱ्या बहुतांश बंदुका आजही कारखान्यात बनलेल्या, नंबर असलेल्या असतात. मग गॅरेजमधल्या कारागिरावर संशय का, असं ते विचारतात.

पण नियमाचा रोख त्या कारागिरावर नाहीच. तो नंबर असलेला सांगाडा दुकानातून तपासणी करून घेऊ शकतो आणि पुढे हवं तितकं काम करू शकतो. त्याचा छंद तसाच राहतो, फक्त एक नोंद वाढते. नोंद नको असलेल्या खरेदीदाराला मात्र ती अडचणीची ठरते.

महाराष्ट्रातल्या वाचकाचा याच्याशी काय संबंध?

पहिला संबंध खेळाचा. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. भारतात या खेळासाठी शस्त्र घरी बनवण्याचा प्रश्नच येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. बेकायदा शस्त्रनिर्मितीला आता किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. शिकणाऱ्यांची सुरुवात बहुधा १० मीटरच्या एअर पिस्तुलाने होते. ०.१७७ इंच बोअरच्या, २० जूलपर्यंत ताकदीच्या अशा पिस्तुलाला परवाना लागत नाही.

दुसरा संबंध अमेरिकेत गेलेल्या मराठी तरुणांचा. एफ-१ किंवा एच-१बी व्हिसावर असलेल्यांना तिथे बंदूक किंवा गोळ्या बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असे काही अपवाद आहेत. त्यामुळे 'इथे सगळं चालतं' म्हणणाऱ्या मित्राच्या भरवशावर किट मागवलं, तर तो गंभीर गुन्हा ठरू शकतो.

प्रश्न सुटला का?

नाही. २०२२ चा नियम विकणाऱ्याला पकडतो. थ्रीडी प्रिंटरवर भाग छापणाऱ्याच्या बाबतीत विकणाराच नसतो, असते ती फक्त फाइल. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये युनायटेड हेल्थकेअरचे सीईओ ब्रायन थॉम्पसन यांची हत्या झाली. संशयिताकडे सापडलेली बंदूक थ्रीडी प्रिंटरवर बनवलेली असावी, असं पोलिसांनी सांगितलं.

१९६८ मध्ये घरी पिस्तूल बनवायला यंत्रं, पैसा आणि हातात कसब लागायचं. त्यामुळे असे लोक मोजकेच असायचे आणि कायद्याला त्यांच्याकडे दुर्लक्ष करणं परवडायचं. ही अडचण किटने कमी केली, प्रिंटर ती आणखी कमी करतोय. ज्याने सिरियल नंबर मागायचा असा विक्रेताच उरला नाही, तर तो कोणाकडे मागायचा, याचं उत्तर अमेरिकेच्या कायद्याला आता शोधावं लागणार आहे.