शस्त्रापेक्षा शिष्य थोर

मोठ्या वैद्याची कीर्ती कशाने मोजावी? त्याने किती शस्त्रक्रिया केल्या हे एक माप झाले. परंतु त्याच्या पश्चात त्याचे काम चालविणारे किती हात उरले, हे आमच्या मते त्याहून खरे माप होय. मिरजेचे सर विल्यम वानलेस यांच्या चरित्राकडे आमच्या विद्यार्थिवर्गाने याच दृष्टीने पाहावे, अशी आमची इच्छा आहे.

वानलेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकाचे शिक्षण पुरे करून १८८९ साली ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे हिंदुस्थानात आले. आरंभी सांगलीस दवाखाना, मग मिरजेस मुक्काम आणि १८९४ साली तेथे रुग्णालय, असा त्यांच्या कार्याचा क्रम आहे. शस्त्र म्हटले की लोकांच्या उरात धडकी भरावी, असा तो काळ. तरीही मोतीबिंदूने दृष्टी गमावलेले आणि पोटाच्या व्याधीने गांजलेले रोगी दूरदूरच्या गावांहून मिरजेची वाट धरू लागले.

एवढ्यावरच ते थांबते, तर एक कुशल शस्त्रवैद्य म्हणून त्यांचे नाव राहिले असते, इतकेच. परंतु रुग्णालयास पुरती तीन वर्षे झाली न झाली तोच, १८९७ साली, त्यांनी मिरजेस वैद्यकशाळा काढली. दारी रोग्यांची रीघ लागलेली असता शिकविण्यात वेळ घालविणे वरवर पाहता तोट्याचे. स्वतः शस्त्र धरले तर काम झटपट होते. शिकाऊ मुलाच्या हाती ते देऊन शेजारी उभे राहावयाचे, तर धीर लागतो. पण एका माणसाचे हात दोनच, आणि तेही एके दिवशी थकणार, हे त्यांनी वेळीच ओळखले. १९२८ साली त्यांस सर ही पदवी मिळाली, त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि १९३३ साली निवर्तले. रुग्णालय मात्र त्यांच्यामागे चालू राहिले.

कोणी म्हणतील, मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. होताच, त्यांनी तो लपविलाही नाही. त्याविषयी ज्याने त्याने आपले मत खुशाल ठेवावे. परंतु जो मनुष्य आपली विद्या परक्या मुलखातील मुलांच्या हाती देतो, तो त्यांस आपल्यावाचून चालावे अशी तजवीज करतो. आणि हे औदार्य हेतूविषयी शंका घेणाऱ्यानेही मान्य केले पाहिजे.

या पेरणीचे पीक पुढे दिसले. १९६२ साली मिरजेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पुढे डॉ. जी. एस. कुलकर्णी यांच्यासारख्या अस्थिशल्यतज्ज्ञांनी येथेच राहून मोडक्या-वाकड्या हाडांवरील उपचारांत नाव मिळविले आणि तरुण डॉक्टरांस ती विद्या शिकविली. हे सर्व एकट्या वानलेस यांचे श्रेय, असे आम्ही म्हणणार नाही. पण मिरजेस वैद्यकाची परंपरा रुजली, तिच्या मुळाशी त्यांचे श्रम आहेत.

आता प्रश्न आमचा. इस्लामपुराच्या आसपास ऊसतोडणीच्या हंगामात गाडीखाली पाय सापडला, तर त्या मजुराचे पुढे काय होते, हे आम्हां सर्वांस ठाऊक आहे. हाड वेळेवर व नीट बसले, तर तो पुन्हा फडात उभा राहतो; वाकडे जुळले, तर सारे घर लंगडे होते. आमच्या शाळेतील अनेक मुलांमुलींस डॉक्टर व्हावयाचे आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांनी मोठ्या शहरी शिकावे, नावही मिळवावे. परंतु शिकलेली विद्या घेऊन त्यांतील चार जण तरी या तालुक्यात परतावेत, आणि परतल्यावर प्रत्येकाने आणखी चौघांस शिकवावे. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या माणसास जे साधले, ते आपल्याच गावी येणाऱ्यास अवघड का वाटावे?