दुखत नाही, म्हणून दाखवत नाही

पायाला गाठ आली की घरात पहिला प्रश्न विचारला जातो, ‘दुखते का?’ दुखत असेल तर दवाखाना, नाहीतर ‘राहू दे, जाईल आपोआप’. पायाच्या बाबतीत हा निकष घातक आहे. पाऊल टाकताना जीव काढणारे कुरूप म्हणजे चपलेच्या दाबाने घट्ट झालेली कातडी. तळव्यावरची चामखीळ विषाणूमुळे येते आणि पुष्कळदा आपोआप जाते. एरवी धडधाकट असलेल्या माणसाचा पाय या दोन्हींमुळे जात नाही.

पाय जातो तो बहुधा न दुखणाऱ्या आजारांनी. अनवाणी शेतात राबणाऱ्याला बाभळीचा काटा लागतो, जखम भरते, काटा विसरला जातो. मातीतली बुरशी किंवा जिवाणू मात्र आत राहतात आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, टणक सूज येते. हा मायसेटोमा, म्हणजेच मदुरा फूट. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी एकोणिसाव्या शतकातच तो बुरशीमुळे होतो असे मांडले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित आजारांच्या यादीत तो आला 2016 साली. सुरुवातीला ही सूज दुखत नाही, म्हणून रुग्ण कामावर जात राहतो. सुजेला तोंडे पडून पुवाबरोबर काळे, पिवळे कण येऊ लागतात, तोवर संसर्ग अनेकदा हाडापर्यंत पोचलेला असतो. जिवाणूंचा मायसेटोमा प्रतिजैविकांनी बरा होऊ शकतो. बुरशीच्या आजारात महिनोन्महिने औषध आणि बऱ्याचदा शस्त्रक्रिया लागते, फार उशीर झाला तर पाय कापावा लागतो. मधुमेहातही धोका मुकाटच असतो. नसा बधिर झाल्याने घट्ट्याखाली जखम चिघळली तरी कळत नाही. अशा पायावर लावलेल्या कॉर्नपट्टीतले सॅलिसिलिक ॲसिड चांगली कातडीही जाळते, आणि ब्लेडने कुरूप तासणे तर त्याहून वाईट.

प्रत्येक गाठ डॉक्टरला दाखवायची तर दवाखाने ओसंडतील, लोक विनाकारण घाबरतील, असे कोणी म्हणेल. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, हे खरेच. पण त्या तशा आहेत हे ठरवायला सहसा उघड्या डोळ्यांनी केलेली तपासणी पुरते. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: न दुखणाऱ्या गाठीसाठी मजुराने रोजगार बुडवावा का? त्याच्यावर ती वेळच येऊ नये. तिशीपुढच्यांची साखर आणि रक्तदाब तपासायला आरोग्य कर्मचारी गावात येतातच. त्याच वेळी चपला काढून दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. मधुमेह्याच्या पायाला नायलॉनचा धागा टेकवून संवेदना तपासावी. आरोग्य खात्याने हे सक्तीचे करावे. आणि वाढत चाललेली गाठ, स्राव किंवा तळव्यावर नव्याने उमटलेला, पसरणारा काळा डाग दिसला, तर तो दुखण्याची वाट न पाहता वाचकांनी तो याच आठवड्यात दाखवावा.