वाचायला सवड कुणाला?

‘हल्लीची पोरं वाचत नाहीत’ ही तक्रार आता घराघरांत पाठ झाली आहे. पण ही तक्रार करताना मुलगे आणि मुली यांना आपण एकाच पारड्यात टाकतो. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडसारख्या गावातून पदवीचे शिक्षण घेणाऱ्यांकडे पाहिले, की हा हिशेब चुकतो.

मुलग्यांचे वाचन दिसते. अभ्यासिकेत ते रात्री उशिरापर्यंत बसतात. पुढ्यात पोलीस भरतीची नाहीतर एमपीएससीची पुस्तके. मुलींना मात्र दिवेलागणीच्या आत घरी परतायचे असते. त्यांचे वाचन भाकरी-भांडी उरकल्यावर, मैत्रिणीकडून आणलेल्या पुस्तकावर चालते. ते कुठल्याच नोंदवहीत चढत नाही. मग ‘मुलींना कादंबऱ्यांची गोडी, मुलग्यांना माहितीची’ असे म्हणून आपण मोकळे होतो. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. आवडीनिवडीच्या आधी प्रश्न येतो तो सवडीचा.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, तर पुरुषांची ८८. फरक सव्वातीन तासांहून अधिक! एवढ्या वेळात एखादी छोटी कादंबरी वाचून होते.

कुवतीचे म्हणाल, तर २०१८ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत भाग घेतलेल्या प्रत्येक देशात पंधरा वर्षांच्या मुली वाचनात मुलग्यांच्या पुढे होत्या. भारत त्यात नव्हता. पण मुळात मुलीच वाचनात मागे, हा समज त्यातून खोटा ठरतो.

आपल्याकडे बाईच्या हातातले पुस्तक घराला खुपते, हे काही आजचे नाही. रमाबाई रानड्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत, शिकण्यापायी घरातल्या बायकांची बोलणी कशी खावी लागली ते सांगितले आहे. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले आणि विद्यापीठ औरंगाबादहून जवळ आले. पण विद्यापीठ जवळ आले म्हणून घरातली सवड वाढली नाही.

यात नुकसान मुलग्यांचेही आहे. केवळ परीक्षेसाठी वाचणाऱ्याचे पुस्तक भरतीचे वय उलटताच सुटते; सोबतीला काही उरत नाही.

उपाय फार खर्चाचा नाही. गावच्या वाचनालयाने दुपारचे दोन तास मुलींसाठी राखावेत आणि पुस्तके घरी न्यायला सढळ हाताने द्यावीत. घरात भावाने संध्याकाळची भांडी घासावीत. सुरुवात म्हणून, आजचा हा अंक घरात आधी कुणाच्या हाती पडला आणि शेवटी कुणाच्या, एवढे पाहिले तरी पुरे.