बागेच्या नावाला जागू या

पणजीच्या चर्चसमोरील म्युनिसिपल गार्डनमध्ये आपल्यापैकी बहुतेकजण कधी ना कधी विसावले असतील. त्या बागेला 'गार्सिया द ओर्ता' यांचे नाव आहे. हे ओर्ता कोण, हे प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावे, असे आम्हांस वाटते.

ओर्ता हे गव्हर्नर नव्हते की सेनापती नव्हते. ते वैद्य व वनस्पतींचे अभ्यासक होते. १५३४ साली ते पोर्तुगालहून गोव्यात आले आणि १५६८ साली येथेच वारले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचेही त्यांनी वैद्य म्हणून काम केले. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या त्यांच्या संवादरूपी ग्रंथात नारळ, फणस, आंबा, वेलदोडा, मिरी यांची माहिती आहे. आपली भिरंडसुद्धा तेथे पोर्तुगीज वळणाच्या नावाने भेटते. १५६७ साली क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि ही माहिती युरोपभर पोहोचली.

त्यांची अभ्यासाची रीत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. जुन्या ग्रंथात लिहिले आहे म्हणून ते खरे, असे त्यांनी मानले नाही. वस्तू स्वतः पाहिली, इथल्या माणसांना विचारले आणि कोणत्या भाषेत तिला काय म्हणतात तेही लिहून ठेवले.

परकीय राजवटीतील माणसाचे नाव आता कशाला, असे कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. त्याच बागेतील स्तंभावर पूर्वी वास्को द गामाचा पुतळा होता. मुक्तीनंतर तेथे अशोकाचे सिंह आले, ते योग्यच झाले. पण ओर्तांची गोष्ट निराळी आहे. ते ज्यू कुळातील होते. त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १५६९ साली, त्यांच्या बहिणीला इन्क्विझिशनने जिवंत जाळले. १५८० साली तर ओर्तांच्या अस्थीही उकरून जाळल्या. ज्या सत्तेबरोबर ते आले त्याच सत्तेने त्यांचे थडगेही ठेवले नाही. म्हणून बागेला त्यांचे नाव राहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र एक गोष्ट मनाला लागते. ओर्तांना माहिती देणारे बहुतेकजण अनामिक राहिले. मालुपा नावाचे एक हिंदू वैद्य ग्रंथात भेटतात. बाकीच्या वैद्यांची, व्यापाऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. ज्ञान त्यांचे होते, पण लिहून ठेवणारा दुसरा होता. आजही तेच घडत आहे. झाडाचे नाव मोबाईलवर सापडते. आजी त्याच झाडाच्या सालीचा काढा कोणाला आणि का देत असे, ते सापडत नाही. आजीबरोबर तो शब्दही जातो.

म्हणून आमची सूचना अशी. इयत्ता पाचवीपासून प्रत्येक विद्यार्थ्याने एक 'झाडवही' ठेवावी. दर महिन्याला एक झाड घ्यावे. त्याचे मराठी नाव, कोंकणी नाव, घरातले खास नाव आणि उपयोग लिहावा. शेवटच्या रकान्यात माहिती सांगणाऱ्याचे पूर्ण नाव व गाव अवश्य लिहावे. ओर्तांच्या ग्रंथात जे राहून गेले, ते आपल्या वहीत राहू नये. एक इशाराही देतो: वहीत लिहिलेले औषध कोणीही स्वतः करून पाहू नये; ते काम डॉक्टरांचे.

पालकांनी मुलांना रविवारी आजोळी न्यावे आणि परसात फिरू द्यावे. माननीय विश्वस्तांना विनंती की वर्षातून एकदा प्रत्येक वर्गाची या बागेत सहल काढावी आणि उत्तम वह्या शाळेच्या वाचनालयात कायम जतन कराव्यात.

विद्यार्थी मित्रांनो, विचारायला लाजू नका. ओर्तांसारखा नामांकित वैद्यही विचारत होता, म्हणून शिकला.