नदीपलीकडचं माहेर

30 एप्रिल 2020 च्या केंद्राच्या कोरोना यादीत वर्धा जिल्हा ग्रीन झोनमध्ये होता. राज्यात असे सहाच जिल्हे. आजार लांब होता, पण जिल्ह्याची हद्द बंद होती, आणि पोटुशी बायकांना त्या बंद हद्दीनेच जास्त छळलं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. नदीवरचा पुलगावचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा, आणि आमच्या कितीतरी सुना तिकडच्याच. रुक्मिणीचं माहेर मानलेलं कौंडण्यपूरही पलीकडच्याच काठावर.

शेजारची सून धामणगावची, गाडीने अर्ध्या तासावरची. तिला सातवा लागला होता. पास दवाखान्यासाठी, मयतीसाठी मिळायचा. आईजवळ राहायचंय, हे कारण चालत नव्हतं. आईने व्हिडिओ कॉलवरून सांगितलं आणि सासूने ओटी भरली. पोरगी हसत होती. नंतर मोरीत बसून ती एकच ताट कितीतरी वेळ घासत राहिली. विचारलं तर म्हणाली, ‘‘मले झोपच नाही येत ना काकू.’’

घर माणसांनी भरलेलं होतं. सगळे घरी म्हणून चहा चारदा, स्वयंपाक दुप्पट. बंद झालं ते ओट्यावरचं बसणं, जिथे बाई मनातलं बोलायची. आशाताई दारावर यायच्या. ताप, खोकला, बाहेरगावचं कुणी आलंय का, एवढं लिहून पुढच्या घरी. त्यांना बोल लावायचा नाही. जीव मुठीत धरून त्या फिरत होत्या आणि त्यांच्या नोंदवहीत झोपेचा प्रश्नच नव्हता.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, विकसनशील देशांत 15.6 टक्के गरोदर आणि 19.8 टक्के बाळंतिणींना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. हे आकडे कोरोनाच्या आधीचे. नैराश्य ओळखायला दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली 1987 पासून आहे. सेवाग्राम आणि सावंगी, दोन वैद्यकीय महाविद्यालयं आपल्या जिल्ह्यात आहेत. 2022 पासून मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा 14416 हा मदत क्रमांकही आहे, पण फोन नवऱ्याच्या खिशात असेल तर बाई तो लावणार कधी?

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची तपासणी होते. वजन, बीपी, हिमोग्लोबिन कुणी विसरत नाही. त्याच दिवशी सासूला, नवऱ्याला बाहेर बसवून तिला विचारा: झोप लागते का? रडू येतं का? मन मोकळं करायला कोण आहे? आणि उत्तर मिळेपर्यंत पुढच्या बाईला हाक मारू नका.